भरती सांगता येते, वारा नाही

गेल्या सर्वपित्री अमावास्येला, म्हणजे २१ सप्टेंबर २०२५च्या रविवारी, आमच्या घरी दोघांची वाट पाहिली जात होती. दुपारी कावळ्याची आणि संध्याकाळी रेम्को इव्हनपूलची. कावळा वेळेवर आला. इव्हनपूल वेळेच्या आधी आला, आणि तिथूनच या लेखाची सुरुवात झाली.

आमचं घर न्हावा-शेवा बंदराच्या मागच्या अंगाला, उरणच्या वाटेवर. शेवा नावाचं मूळ गाव बंदरात गेलं, गावकरी हनुमान कोळीवाड्यात आणि नवीन शेव्यात गेले, नाव मात्र बंदराला चिकटून राहिलं. अशा ठिकाणी सायकल शर्यतीचं वेड कुठून आलं, असं कुणीही विचारेल. ते आमच्या पुतण्यामुळे आलं. पोरगा सोळा वर्षांचा. बाकीची मुलं क्रिकेटमध्ये रमतात, तर याला टाइम ट्रायलनं झपाटलेलं. त्यामुळे अख्खं घर आता या शर्यतींवर चिठ्ठ्या टाकतं. फराळाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. शर्यत सुरू होण्याआधी प्रत्येकानं विजेत्याचं नाव आणि फरकाची सेकंदं लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. पैसे नाहीत. ज्याचा अंदाज चुकेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा, एवढंच.

ज्यांना टाइम ट्रायल म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण ठरावीक अंतरानं, मिनिटानं, दीड मिनिटानं सुटतो आणि एकटा धावतो. कुणाच्या पाठीमागे लपून वारा चुकवायचा नाही. कमी वेळ घेईल तो पहिला. फ्रेंच लोक याला घड्याळाविरुद्धची शर्यत म्हणतात. याची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९४ साली सुरू झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून रस्त्यावरच्या शर्यतीशेजारी हिलाही जागा मिळाली. तिथे पहिलं सुवर्ण स्पेनच्या मिगेल इंदुराइननं घेतलं.

आता भाकिताचं म्हणाल, तर सगळ्या सायकल शर्यतींत हीच सांगायला सोपी, असं पुतण्याचं म्हणणं. आपल्याकडची मुंबई-पुणे शर्यत घ्या. १९४५पासूनची ही शर्यत. आमच्या लहानपणी वडील आम्हाला पनवेलला जुन्या हमरस्त्यावर घेऊन जायचे. घोळका सूं करून निघून जायचा, कोण कोण ते कळायचंही नाही. बोरघाटात सगळ्यांत आधी वर पोचेल तो ‘घाटाचा राजा’. पण घाटाचा राजा पुण्याचा राजा होईलच असं नाही, कारण पुढच्या सपाटीवर मागचे दहाजण मिळून त्याला गाठू शकतात. तिथे कोण कुणाशी हातमिळवणी करील, कुणाची ट्यूब कधी बसेल, हे कोण सांगणार? टाइम ट्रायलमध्ये हे काहीच नाही. एक माणूस, एक सायकल, एक रस्ता. माणसाची ताकद किती वॅट ते मोजता येतं. पाठ किती वाकते, खांदे किती आवळतात, म्हणजेच वाऱ्याला तो किती आडवा येतो, तेही मोजता येतं. रस्त्याचा चढ-उतार नकाशात असतो. गणित मांडलं की वेळ बाहेर पडावी.

हे अगदीच पोरकट नव्हे. २०२२च्या ऑगस्टमध्ये डॅन बिगम नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखनच्या बंदिस्त ट्रॅकवर एका तासात ५५.५४८ कि.मी. सायकल चालवून जागतिक विक्रम केला. सायकल आणि हवा यांचं गणित हाच त्याचा पेशा. मग त्याच गणिताच्या जोरावर त्याच्याच संघातल्या फिलिपो गाना या इटालियनाला त्यानं मदत केली आणि ऑक्टोबरात, त्याच ट्रॅकवर, गानानं ५६.७९२ कि.मी. कापून बिगमचाच विक्रम मोडला. आपला विक्रम मोडायला आपणच हातभार लावायचा, यालाही मोठं मन लागतं. पण ते छताखाली झालं. तिथे वारा नाही, पाऊस नाही, खड्डा नाही.

माझा स्वतःचा पेशाही भाकिताचाच होता. मी बंदरातल्या एका शिपिंग कंपनीच्या कचेरीत वर्षानुवर्षं जहाजांच्या वेळा लावत बसलो. अमुक जहाज कोलंबोहून निघालं, मंगळवारी पहाटे चारला पोचेल, पायलट अमुक वाजता चढेल, बर्थ अमुक वाजता मोकळा होईल. एकावर एक अशा दहा वेळा बसवायच्या आणि एक सरकली की दहाही सरकायच्या. आमच्या आईला या कामाचं कधीच कौतुक वाटलं नाही. तिच्या माहेरची माणसं खाडीत होड्या घालणारी. भरती केव्हा येणार यासाठी तिला कागद लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाला. चतुर्थीला तीनला. अमावास्येला बारा. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी काढायला तेवढं पुरतं. शेकडो वर्षांचं हे गणित आमच्या संगणकाला तसं तुल्यबळ होतं. मात्र वाऱ्याचा विषय निघाला की आई हात झटकायची. “वारा कुनाचे बापाचा नाय,” एवढंच तिचं उत्तर.

तर त्या अमावास्येची गोष्ट. रवांडाच्या किगालीत जागतिक अजिंक्यपदाची टाइम ट्रायल होती, ४०.६ कि.मी. आफ्रिका खंडात ही स्पर्धा पहिल्यांदाच भरत होती. गाव डोंगराळ, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, वर दमट हवा. एका बाजूला बेल्जियमचा इव्हनपूल, आधीची दोन वर्षं याच शर्यतीचा विजेता. दुसऱ्या बाजूला स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार, नुकतीच चौथी ‘तूर द फ्रान्स’ जिंकून आलेला. चढ इतके, की पोगाचार जिंकेल असं मी लिहिलं. पुतण्यानं दोन दिवस वही भरली होती. त्याच्या मते इव्हनपूल पहिला, पोगाचार दुसरा, फरक चाळीस सेकंदांचा. आईनं विचारलं, “शेवटी कोन सुटनार?” इव्हनपूल, म्हटलं. “मग तोच. मागचा पुढच्याला बघून वल्हवतो.” होड्यांच्या शर्यतीचा न्याय तिनं सायकलला लावला. आम्ही हसलो.

पोगाचार इव्हनपूलच्या अडीच मिनिटं आधी सुटला होता. अंतिम रेषेला दोन-एक किलोमीटर असताना, दगडी फरसबंदीच्या चढावर, इव्हनपूलनं त्याला चक्क रस्त्यावर गाठलं आणि मागे टाकलं! जगातला पहिल्या क्रमांकाचा सायकलपटू मान खाली घालून चालवतोय आणि त्याच्या शेजारून दुसरा निघून जातोय, हे दृश्य बघताना हातातला चहा निवला. पोगाचार चौथा आला. तिसऱ्या जागेशी त्याचा फरक सेकंद-दोन सेकंदांचा. आणि दुसरा आला तो ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन. त्याचं नाव आमच्या डब्यातल्या एकाही चिठ्ठीवर नव्हतं. म्हणजे विजेता पुतण्याला आणि आईला सापडला, पण फरक कुणालाच सापडला नाही. आठवड्यानं तिथेच रस्त्यावरची मोठी शर्यत झाली तेव्हा पोगाचार पहिला आणि इव्हनपूल दुसरा. मग आधीच्या रविवारचं काय समजायचं? एवढं लोण्यासारखं सरळ गणित, आणि सात दिवसांत उलटं.

जुन्या वाचकांना यावरून १९८९ आठवेल. मला आठवतं, कारण त्याच वर्षी २६ मे रोजी आमचं बंदर राष्ट्राला अर्पण झालं आणि मी नोकरीत नवा होतो. २३ जुलैला तूरचा शेवटचा दिवस होता, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ कि.मी.ची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड मागे. हा लेमाँड दोन वर्षांपूर्वी शिकारीला गेला असताना छर्ऱ्यांनी जखमी होऊन मरणाच्या दारातून परत आलेला. साडेचोवीस किलोमीटरमध्ये ५० सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंदांहून जास्त. जाणत्यांनी हे होणे नाही असंच धरलं होतं. लेमाँडनं हँडलला पुढे दांड्या लावल्या होत्या. त्यांवर कोपरं टेकवून छाती झाकता येते. डोक्यावर मागे निमुळतं होणारं शिरस्त्राण. फिन्यों साधं हँडल धरून, उघड्या डोक्यानं, वाऱ्यावर शेंडी उडवत निघाला. शिवाय बैठकीच्या जागी त्याला जखम झाली होती. लेमाँडनं आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, की वाटेत मला वेळ सांगू नका. त्यानं २६ मिनिटं ५७ सेकंद घेतली, म्हणजे ताशी साधारण साडेचोपन्न किलोमीटर. फिन्यों ५८ सेकंदांनी मागे पडला. तीन आठवड्यांत तीन हजारांहून अधिक किलोमीटर कापल्यावर फरक उरला फक्त आठ सेकंदांचा. तेवढ्या वेळात आमच्या गेटवरचा माणूस ट्रेलरचा नंबरही लिहून घेत नाही.

यात भाकीत करणारे कुठे चुकले? त्यांनी माणसं तोलली, हवा तोलली नाही. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर गेलं, की सायकलस्वाराची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेचा हिशेब सरळ चढत नाही. वेग दुपटीवर नेण्यासाठी आठपट ताकद लागते. म्हणून एखाद्याला पायांत दम वाढवून जे मिळणार नाही, ते दोन दांड्या लावून मिळतं. आज सगळेच त्या दांड्या लावतात, त्यामुळे तो फायदा कुणा एकाचा राहिला नाही.

पण २०२०मध्ये तर हवाही तोलून झाली होती. तूरच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, ३६.२ कि.मी.ची टाइम ट्रायल, शेवटी डोंगराचा चढ. प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे. पाठलागाला पोगाचार, तेव्हा बावीसही पूर्ण नसलेला पोरगा. दोघं एकाच देशाचे. रोग्लिच टाइम ट्रायलमधला मुरलेला गडी, त्याचा संघ हिशेबात अत्यंत काटेकोर. त्या दिवशी रोग्लिचचं शिरस्त्राण तिरपं झालं, चेहरा पांढरा पडला आणि ५७ सेकंदांची आघाडी जाऊन शेवटी ५९ सेकंदांची पिछाडी झाली. पुढल्या वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या टाइम ट्रायलमध्ये हाच रोग्लिच मिनिटभराच्या फरकानं सोनं घेऊन गेला. आता याचा आलेख कसा काढणार, सांगा!

लांब पल्ल्याचा तर आणखीच वेगळा मामला. अमेरिका आडवी पार करण्याची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळजवळ ४,८०० कि.मी.ची टाइम ट्रायलच म्हणायची, कारण तिथेही दुसऱ्याच्या आडोशाला चालवायचं नसतं. २०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत काही तास राखून. त्याच वर्षी लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथही. एवढ्या अंतरात वॅट आणि वारा दोन्ही मागे पडतात, उरते झोप. आणि झोपेचं गणित कुणाला मांडता आलंय?

आता घरच्या गोष्टीकडे येतो, कारण खरं म्हणजे ती सांगण्यासाठीच एवढं लांबण लावलं.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे पुतण्याचा बाप, कंटेनरचा ट्रेलर चालवतो. करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा या रस्त्यांवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं. चाळीस फुटी डबा मागे असताना डाव्या अंगाला केबिनच्या खाली काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही, हे त्याला जितकं कळतं तितकं आपल्याला कळणार नाही. त्यामुळे पोरानं पहाटे बंदराच्या रस्त्यावर सायकल काढायला त्याची सक्त मनाई. “मी दुसऱ्याच्या पोराला सांभाळून घेईन. माझ्या पोराला दुसरा घेईल का?” यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नाही. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, पण सायकलीसाठी म्हणून त्यांत कुणी पट्टा ठेवला नाही. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडीपासून इकडे २१.८ कि.मी., त्यातले साडेसोळा समुद्रावर. टाइम ट्रायलला याहून देखणा रस्ता जगात शोधावा लागेल. पण त्यावर दुचाकीला बंदी, मग सायकलचं नावच नको. पुढच्या महिन्यात तिथे मॅरेथॉन भरली, तेव्हा पोराच्या मनात आशा आली होती. ती अजून आशाच आहे. त्याच्या वहीत मात्र तो सेतू रोज पार होतो. लेमाँडच्या १९८९च्या वेगानं चोवीस मिनिटांना एक सेकंद कमी. गानाच्या तासाच्या विक्रमी वेगानं तेवीस मिनिटं दोन सेकंद. आणि त्याच्या स्वतःच्या वेगानं पस्तीस मिनिटं एकवीस सेकंद.

शेवटी मार्ग निघाला तो घरातच. मागच्या पडवीत सायकल एका स्टँडवर अडकवून ठेवली. मागचं चाक काढून टाकायचं, साखळी यंत्रावर चढवायची, पंखा लावायचा आणि चालवत बसायचं. पोरगं घामानं निथळतं, फरशीवर डबकं होतं, सायकल जागची हलत नाही. आईला हा प्रकार घाण्याच्या बैलासारखा वाटतो. पण यंत्रावर वॅटचा आकडा दिसतो, तो वहीत उतरतो. आणि तो किगालीचा दुसरा आलेला जे व्हाइन, तो २०२०मध्ये अशाच घरबसल्या सायकलच्या स्पर्धेत पहिला येऊन व्यावसायिक संघात शिरला होता! हे कळल्यापासून पुतण्याचा हुरूप दुणावला. “बघा काका, घरात चालवूनही होतं.”

डिसेंबरात त्याची निवड चाचणी होती. समुद्रापासून फार लांब नसलेला एक सरळ रस्ता, दहा कि.मी. जायचं, वळायचं, दहा कि.मी. यायचं. निवडीसाठी बत्तीस मिनिटांच्या आत यायला हवं होतं. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. यंत्रावरचे वॅट, त्याचं वजन, रस्ता सपाट, सकाळी आठला वारा नसल्यात जमा. उत्तर आलं एकतीस मिनिटं पस्तीस सेकंद. मी तीनदा ताडून पाहिलं. जहाजांची वेळ लावणाऱ्या माणसाला पंचवीस सेकंदांची सूट म्हणजे चैन. डब्यात माझी चिठ्ठी पडली: ३१.३५.

चाचणी आठला सुरू व्हायची ती काही कारणानं लांबली. त्याची पाळी आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको, की रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि ऊन तापलं की समुद्रावरून खारे वारे सुटतात. जाताना ते त्याच्या पाठीवर होते. पोरगं उडालं. दहा कि.मी. तेरा मिनिटं सत्तावन्न सेकंदांत, म्हणजे ताशी त्रेचाळीस! मी वळणावर उभा होतो, घड्याळ बघून मलाच भरून आलं. मनात म्हटलं, एकतीसच्या खाली येतो हा. आणि मग तो वळला.

परत येताना वारा छातीवर. पडवीतल्या पंख्यासमोर चालवलेल्याला हा वारा ठाऊकच नव्हता. त्यानं मुठी आवळल्या, मग मान वर आली, मग खांदे उघडले, आणि खांदे उघडले की वारा आणखी धरतो. येताना अठरा मिनिटं अकरा सेकंद लागली. एकूण बत्तीस मिनिटं आठ सेकंद. आठ-नऊ सेकंदांवरून निवड गेली.

रात्री वही पुन्हा उघडली तेव्हा चूक दिसली. वारा जाताना जेवढा देतो तेवढाच येताना घेतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. समजा जाताना ताशी पन्नासनं गेलात आणि येताना तीसनं आलात, तर सरासरी चाळीस येत नाही, साडेसदतीसच येते, कारण हळू वेगात तुम्ही जास्त वेळ असता. म्हणून वारा पाठीवर असताना दम राखायचा आणि तो छातीवर घेताना खर्चायचा. जाताना बेचाळीसनं गेला असता आणि येताना चौतीस धरलं असतं, तर एकतीस मिनिटं छप्पन्न सेकंद होत होती. म्हणजे निवड होत होती. पोराची ताकद आम्ही अचूक मोजली होती, ती शेवटपर्यंत अचूकच होती. ती कुठे खर्चावी हे फक्त रस्ता शिकवतो, आणि रस्ता आम्ही त्याला दिला नव्हता. त्याच्या बापानं हे सगळं ऐकून घेतलं. काही बोलला नाही. उठून बाहेर जाऊन ओट्यावर बसला. त्याला दोष द्यायची माझी तरी हिंमत नाही.

जानेवारीत पुण्यात पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. तिची सुरुवातच शहरातल्या रस्त्यांवर छोट्या, साडेसात कि.मी.च्या टाइम ट्रायलनं. आमच्या महाराष्ट्रात, बंद केलेल्या रस्त्यावर, देशोदेशीचे सायकलपटू एकेक करून सुटत होते. चिठ्ठ्या टाकायला बसलो तर निम्मी नावं कुणाला उच्चारता येईनात. पुतण्या त्या दिवशी गणित करत नव्हता. फोनच्या पडद्यावर तो फक्त बघत होता, की वळणाच्या आधी कोण किती मंदावतो आणि समोर वारा आला की कुणाची मान वर येते.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. भावानं रविवारी पहाटे, ट्रेलरांची वर्दळ नसलेल्या एका आतल्या रस्त्यावर, स्वतः मोटरसायकलवर, दिवे लुकलुकते ठेवून, पोराच्या मागे राहायचं कबूल केलं. आठवड्यातून एकदाच आणि सूर्य वर यायच्या आत परत. आणि आईनं सायकलच्या हँडलला जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा वीतभर तुकडा बांधून दिला. होडीवर बांधतात तसा, वारा कुठून आहे ते दिसायला. पोरानं आधी तोंड वाकडं केलं होतं, मित्र हसतील म्हणून. आता तो दोरा काढायला तयार नाही.

पुढची चाचणी जवळ आली आहे. डबा पुन्हा टेबलावर आहे. पुतण्यानं आपली चिठ्ठी टाकली, भावानं टाकली, आईनं माझ्याकडून लिहवून घेतली. माझ्या चिठ्ठीवर मात्र मी अजून आकडा घातलेला नाही. वर एवढंच लिहिलंय: सुटायची वेळ नऊच्या आत असेल तर मला विचारा.